घास आणि श्वास

पावसाळ्यातील रात्र असते. घरातील मंडळी जेवायला बसलेली असतात. पावसाची रिपरिप नुकतीच थांबलेली असते आणि अंगणाच्या कोपऱ्यातून रातकिड्यांची किरकिर अखंड ऐकू येत असते. शाळेतील गंमत सांगण्याच्या भरात एखादे मूल तोंडातला घास धड न चावताच बोलू लागते. आणि बोलता बोलता त्याला जोराचा ठसका लागतो. चेहरा लालबुंद होतो, डोळ्यांतून पाणी येते, शब्द घशातच अडकतो. आजी लगबगीने त्याच्या पाठीवरून हात फिरवते आणि म्हणते, "वर बघ बाळा, वर बघ! जेवताना बोलू नये, म्हणून किती वेळा सांगितलं तुला?"

मूल सावरते, पाणी पिते आणि पुन्हा जेवू लागते. अंगणातील रातकिड्याचे गाणे मात्र चालूच असते. तोही अन्न खातो, तोही श्वास घेतो आणि आवाजही काढतो. परंतु घास चुकून श्वासाच्या वाटेत गेला, असे त्याच्या बाबतीत कधीच घडत नाही. माणसासारख्या बुद्धिमान प्राण्याला जी अडचण पडते, ती एवढ्याशा किड्याला का पडू नये? या प्रश्नाचे उत्तर दोघांच्या मुखाच्या व कंठाच्या रचनेत सापडते.

प्रथम माणसाचे मुख पाहावे. मुखाच्या दाराशी दोन ओठ असतात. ते मऊ, लवचिक आणि स्पर्शाला अतिशय तत्पर असतात. दूध फार गरम आहे की कोमट, हे ओठांना तत्काळ कळते. ओठांच्या आत दातांच्या दोन ओळी असतात. लहान मुलाला वीस दुधाचे दात असतात. ते पडून गेल्यावर मोठ्या माणसाला एकंदर बत्तीस दात येतात. त्यांपैकी पुढचे आठ पटाशीचे दात घास तोडतात, चार सुळे तो फाडतात, आणि आठ उपदाढा व बारा दाढा तो जात्याप्रमाणे दळतात. दातांवरील चकचकीत कवच हा मानवी शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. परंतु हे कवच एकदा झिजले किंवा किडले, की शरीर ते पुन्हा निर्माण करू शकत नाही. म्हणूनच दातांची निगा राखणे अगत्याचे असते.

दात दळतात खरे. पण जात्यात मूठमूठ धान्य घालणारा हातही लागतो. ते काम जीभ करते. ती घास एका गालातून दुसऱ्या गालाकडे सारते, दाढांच्या मधोमध आणून ठेवते, आणि त्यात खडा अथवा काटा असला तर तो अचूक शोधून काढते. हे चालू असताना लाळेच्या तीन जोड ग्रंथी तोंडात लाळ सोडत असतात. दिवसभरात ही लाळ सुमारे एक ते दीड लिटर भरते. लाळेमुळे घास मऊ होतो, गुळगुळीत होतो. आणि एवढ्यावरच तिचे कार्य संपत नाही. ज्वारीच्या भाकरीचा कोरडा तुकडा तोंडात बराच वेळ चावत राहिले, तर तो हळूहळू गोड लागू लागतो. भाकरीत साखर नसते, मग गोडी कोठून येते? लाळेतील एक पाचक द्रव्य भाकरीतील पिष्टाचे शर्करेत रूपांतर करू लागते, त्याची ती गोडी असते. पचनाचा प्रारंभ पोटात होत नसून मुखातच होतो, हे यावरून ध्यानात येते.

चावून मऊ झालेला घास जीभ मागे ढकलते आणि तो घशात येतो. येथेच माणसाच्या शरीरातील एक मोठा चौरस्ता आहे. वरून नाकातून येणारी हवेची वाट आणि पुढून मुखातून येणारी अन्नाची वाट, या दोन्ही घशात एकत्र होतात. आणि थोडे खाली जाताच पुन्हा विलग होतात. हवा पुढच्या बाजूच्या श्वासनलिकेत जाते, अन्न मागच्या बाजूच्या अन्ननलिकेत उतरते. म्हणजे घासाला पोटाकडे जाण्यासाठी श्वासाच्या दारावरूनच जावे लागते. वाट किंचित चुकली, तरी घात होण्याचा संभव. चार्ल्स डार्विन या शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात या विलक्षण रचनेची मुद्दाम नोंद केली आहे.

या चौरस्त्यावरील बंदोबस्त मात्र मोठा चोख असतो. घास गिळण्याची वेळ येताच मागचे मऊ टाळू पडजिभेसह वर उचलले जाते आणि नाकाची वाट बंद करते. गळ्यातील स्वरयंत्र वर सरकते. गळ्याच्या उंचवट्यावर हलकेच बोट ठेवून आवंढा गिळला, तर ही हालचाल बोटाला स्पष्ट जाणवते. स्वरयंत्र वर येताच त्याच्या तोंडावरील पानाच्या आकाराचे लवचिक झाकण मागे कलते. आतील स्वरतंतूही एकमेकांना भिडून दार लावून घेतात. तेवढा क्षण श्वास थांबतो. घास झाकणावरून घसरत अन्ननलिकेत उतरतो, आणि लगेच सर्व दारे पुन्हा उघडतात. हे सारे सुमारे एका सेकंदात उरकते. पुढे सुमारे पंचवीस सेंटिमीटर लांबीच्या अन्ननलिकेतून घास केवळ स्वतःच्या वजनाने खाली पडत नाही. नलिकेच्या स्नायूंची लाट त्याला पुढे ढकलत नेते. यामुळे आडवे झोपलेल्या माणसालाही घास गिळता येतो.

बोलण्यासाठी मात्र श्वासाचे दार उघडे असावे लागते. घास गिळताना दार बंद हवे आणि बोलताना ते उघडे हवे. या दोन आज्ञा एकाच वेळी पाळता येत नाहीत. तोंडात घास असता माणूस बोलू अथवा हसू लागला, की अन्नाचा एखादा कण उघड्या दारातून आत शिरू पाहतो. तत्क्षणी छातीतील हवा जोराने बाहेर फेकली जाते आणि तो कण मागे उडवला जातो. यालाच ठसका म्हणतात. ठसका हा रोग नव्हे. ती जागरूक पहारेकऱ्याची हाक आहे. कोणाला ठसका लागला, तर त्याला मोकळेपणाने खोकू द्यावे. परंतु क्वचित पदार्थ आत इतका घट्ट अडकतो, की माणसाला खोकताही येत नाही आणि बोलताही येत नाही. अशा वेळी वर बघायला सांगून उपयोग नसतो. त्याला पुढे वाकवून दोन्ही खांद्यांच्या मधोमध पाठीवर तळहाताने जोराचे ठोसे द्यावे लागतात आणि विनाविलंब वैद्यकीय मदत बोलवावी लागते. लहान मुलांच्या श्वासनलिकेत शेंगदाणा अथवा फुटाणा अडकून त्यांच्या प्राणावर बेतू शकते. हे लक्षात घेतले, म्हणजे जेवताना बोलू नये या आजीच्या सांगण्यामागचे शहाणपण पटते.

आता कीटकाकडे वळावे. नाकतोडा गवताच्या पात्यावर बसून पान खात असताना त्याचे तोंड भिंगातून पाहिले, तर ते माणसाच्या तोंडाहून अगदी निराळे दिसते. त्याचे दात तोंडाच्या आत नसतात. किंबहुना माणसासारखे दातच त्याला नसतात. खाण्याची सर्व हत्यारे मुखाच्या बाहेर, भोवताली मांडलेली असतात. समोर पडद्यासारखा वरचा ओठ असतो. त्याच्या मागे कठीण, दातेरी अशा जबड्यांची एक जोडी असते. माणसाचा जबडा खालीवर हलतो. नाकतोड्याचे जबडे मात्र कात्रीच्या पात्यांप्रमाणे डावीउजवीकडून एकमेकांवर येतात. त्यांच्या मागे साहाय्यक जबड्यांची दुसरी जोडी असते. ती घास धरून आत सारते. सर्वांत मागे खालचा ओठ असतो आणि मधोमध जिभेसारखा एक मांसल उंचवटा असतो. साहाय्यक जबड्यांना व खालच्या ओठाला बारीक, सांधेदार मिशा असतात. त्या एकसारख्या हलत राहून अन्नाची चव व पारख करतात. माणूस पदार्थ तोंडात घालतो आणि मग त्याची चव घेतो. कीटक मात्र चव घेऊन मगच पदार्थ तोंडात घालतो.

हाच साचा घेऊन निसर्गाने कीटकांच्या मुखांचे किती प्रकार घडवले आहेत! फुलपाखराचे उदाहरण घ्यावे. सुरवंट असताना त्याला पाने कुरतडणारे बळकट जबडे असतात. कोशातून फुलपाखरू बाहेर पडते, तेव्हा ते जबडे राहिलेले नसतात. त्याऐवजी साहाय्यक जबड्यांपासून बनलेल्या दोन लांब, अर्धगोल पट्ट्या असतात. कोशाबाहेर येताच फुलपाखरू या दोन्ही पट्ट्या एकमेकींत गुंतवून त्यांची एक पोकळ सोंड तयार करते. एरवी ही सोंड घड्याळाच्या स्प्रिंगप्रमाणे गुंडाळलेली असते. फुलावर बसताच ती उलगडते आणि फुलाच्या तळाशी असलेला मध शोषून घेते. मादागास्कर बेटावरील एका पांढऱ्या ऑर्किडच्या फुलाला सुमारे तीस सेंटिमीटर लांबीची मधाची नळी असते. ते फूल पाहून, इतकीच लांब सोंड असलेला पतंग त्या बेटावर असला पाहिजे, असे डार्विनने १८६२ मध्ये लिहिले. पुष्कळांना ती कल्पना हास्यास्पद वाटली. डार्विन १८८२ मध्ये निवर्तला. आणि तसा पतंग मिळाल्याचे शास्त्रज्ञांनी १९०३ मध्ये जाहीर केले.

घरातील माशीला चावताही येत नाही आणि टोचताही येत नाही. तिच्या सोंडेच्या टोकाला स्पंजासारखी एक गादी असते. साखरेच्या कणावर बसली, की माशी प्रथम त्यावर लाळ सोडते, कण विरघळवते आणि मग तो पातळ रस शोषून घेते. घाणीवर बसून आलेली माशी जेव्हा उघड्या अन्नावर बसते, तेव्हा ती केवळ त्यातून काही नेत नाही, त्यात बरेच काही सोडूनही जाते. अन्न झाकून ठेवावे, या नियमाचे हेच कारण आहे. मधमाशीच्या मुखात मात्र दोन्ही प्रकारची हत्यारे आढळतात. ती जबड्यांनी मेणाला आकार देते आणि लांब, केसाळ जिभेने फुलातील रस चाटून घेते. हा रस तिच्या खऱ्या जठरात न जाता त्याआधीच्या एका पिशवीत साठतो. पोळ्यात परतल्यावर ती तो पुन्हा मुखावाटे बाहेर काढते आणि दुसऱ्या माशीच्या मुखात देते. अशा रीतीने मुखामुखांतून फिरून, त्यातील पाणी आटून त्याचा मध होतो.

रेशमाच्या किड्याची लाळ तर त्याहूनही नवलाची. त्याच्या लाळेच्या ग्रंथींचेच रूपांतर रेशीमग्रंथींत झालेले असते. खालच्या ओठाजवळील एका बारीक छिद्रातून तो हा चिकट रस बाहेर सोडतो. त्याचा धागा बनतो आणि त्या धाग्याचा तो स्वतःभोवती कोश विणतो. एका कोशातील अखंड धागा कित्येकशे मीटर लांब भरतो. पैठणीचा तलम पदर हा मुळात एका किड्याच्या मुखातून निघालेला धागा होय! पुढे या कोशातून जो पतंग बाहेर पडतो, त्याचे मुख निरुपयोगी असते. तो काहीही खात नाही. थोडे दिवस जगतो आणि पुढच्या पिढीची तजवीज करून मरतो.

मुखातून आत गेलेल्या अन्नाचा पुढील प्रवासही पाहण्यासारखा आहे. झुरळाने कुरतडलेले अन्न घशातून एका पिशवीत साठते आणि तेथून पेषणीत जाते. या पेषणीच्या आतील भिंतीला सहा कठीण दाते असतात. माणूस ज्या दळणासाठी तोंडात दाढा बाळगतो, त्यातील उरलेसुरले दळण झुरळ गळ्याच्या पलीकडे उरकते. कीटकाची अन्ननलिका डोक्यातून जाताना मेंदू व त्याखालील मज्जापुंज यांच्या मधून, जणू कड्यातून ओवलेल्या दोऱ्यासारखी जाते. आणखी एक चमत्कार असा, की कीटक कात टाकतो, तेव्हा अंगावरच्या कवचाबरोबर त्याच्या घशाचे आतील अस्तरही निघून येते आणि त्या जागी नवे अस्तर तयार होते.

मग कीटक श्वास घेतो तरी कोठून? नाकतोड्याच्या मुखाजवळ श्वासाची वाट शोधून सापडणार नाही. ती त्याच्या छातीच्या व पोटाच्या दोन्ही बाजूंना असते. तेथे बारीक बारीक श्वासरंध्रांच्या ओळी असतात. त्यांतून हवा आत शिरते आणि झाडाच्या मुळांप्रमाणे फाटे फुटत गेलेल्या नळ्यांतून शरीराच्या कानाकोपऱ्यात पोहोचते. इटलीतील मार्सेलो माल्पिघी या शास्त्रज्ञाने रेशमाच्या किड्याचे विच्छेदन करून १६६९ मध्ये या रचनेचे वर्णन प्रसिद्ध केले. डासाच्या अळीची तऱ्हा तर याहूनही न्यारी आहे. पुष्कळ जातींच्या अळ्या साठलेल्या पाण्यात डोके खाली करून लोंबकळतात. खाली मुखाने अन्न गोळा करतात आणि वर शेपटीकडील नळीने हवा घेतात. घास एका टोकाला, श्वास दुसऱ्या टोकाला!

हा भेद का पडला, याचे कारण फार प्राचीन आहे. पाठीचा कणा असलेल्या प्राण्यांमध्ये फुप्फुसांचा उगम प्राचीन माशांच्या अन्नमार्गालाच फुटलेल्या पिशव्यांपासून झाला. यास्तव बेडूक, पक्षी, गाय आणि माणूस या साऱ्यांच्या घशात हवेची व अन्नाची वाट एकत्र आली. कीटकांच्या हवेच्या नळ्या अंगावरील कवचच आत वळून बनल्या. त्यांचा मुखाशी व घशाशी संबंधच आला नाही. तात्पर्य, कीटकाचा घसा केवळ घासासाठी आहे. माणसाचा घसा घास व श्वास या दोघांसाठी आहे. कीटकाला ठसका लागत नाही, याचे उत्तर हेच.

परंतु कीटकाचा घसा त्याला स्वतःला निर्धोक असला, तरी माणसाच्या दृष्टीने तो किती भयंकर ठरू शकतो, हे इतिहासाने दाखवून दिले आहे. डासाच्या मादीची सोंड वरवर एका सुईसारखी दिसते. वास्तविक ती एक म्यान असून तिच्या आत सहा बारीक सुया असतात. काही सुया कातडी कापतात, एका सुईतून लाळ माणसाच्या शरीरात सोडली जाते आणि दुसरीतून रक्त वर ओढले जाते. डोक्यातील स्नायूंचे दोन पंप हे ओढण्याचे काम करतात. नर डास रक्त पीत नाही. मादीला अंडी तयार करण्यासाठी रक्त लागते. रक्त गोठू नये म्हणून ती जी लाळ सोडते, तिच्यातूनच हिवतापाचे जंतू माणसात शिरतात. अल्मोडा येथे जन्मलेले डॉक्टर रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबाद येथे डासाच्या जठराच्या भिंतीत हिवतापाचे जंतू पाहिले. पुढील वर्षी कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापाचा अभ्यास करताना त्यांना ते जंतू डासाच्या लाळेच्या ग्रंथींत सापडले, आणि डासाच्या दंशातून रोग कसा पसरतो हे उघड झाले. या शोधाबद्दल १९०२ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

याच सुमारास महाराष्ट्रावर दुसरे संकट कोसळले होते. १८९६ मध्ये मुंबईत आणि पाठोपाठ पुण्यात प्लेगची साथ पसरली. घरेच्या घरे ओस पडली. पुण्यात सावित्रीबाई फुले रोग्यांची शुश्रूषा करीत असता त्यांनाच प्लेगने गाठले आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचा अंत झाला. हा रोग उंदरांवरील पिसवांमार्फत पसरतो, हे तेव्हा सिद्ध झाले नव्हते. पॉल लुई सिमाँ या फ्रेंच वैद्याने १८९८ मध्ये कराचीत प्रयोग करून ते दाखवले. पण एवढीशी पिसू हा रोग नेमका कसा देते? बॅकॉट व मार्टिन या इंग्रज शास्त्रज्ञांनी १९१४ मध्ये याचे उत्तर दिले. रोगी उंदराचे रक्त पिसवेने शोषले, की प्लेगचे जंतू तिच्या जठराच्या तोंडाशी वाढतात आणि तेथे त्यांचा गोळा होऊन अन्नाची वाट बुजते. पिसू रक्त ओढते. परंतु ते जठरात पोहोचतच नाही. ती उपाशीच राहते आणि भुकेने व्याकूळ होऊन पुन्हा पुन्हा दंश करीत सुटते. प्रत्येक वेळी ओढलेले रक्त त्या गोळ्यावर आपटून जंतूंसह मागे फिरते आणि दंशाच्या जखमेत ओकले जाते. एका कीटकाची अन्नाची वाट तुंबली आणि त्यापायी लक्षावधी माणसे मृत्युमुखी पडली! सूक्ष्म वस्तूंचा अभ्यास करणाऱ्यांना काही लोक रिकामटेकडे समजतात. परंतु पिसवेच्या गळ्याचा शोध घेणारे हे लोक मानवजातीचे केवढे उपकारकर्ते होते!

आता राहिला आवाजाचा प्रश्न. अंगणातील रातकिडा गातो, पण तो गळ्यातून गात नाही. त्याच्या पुढच्या पंखावर कानशीसारखी दातेरी शीर असते. तिच्यावर दुसऱ्या पंखाची कड घासून तो किरकिर काढतो. हे गाणे नराचेच असते; आणि ते ऐकणारे कान मुखाजवळ नसून पुढच्या पायांवर असतात. ज्या घशातून हवा वाहतच नाही, त्या घशातून स्वर निघणार कसा? याला एक मजेदार अपवाद आहे. पाठीवर मानवी कवटीसारखी आकृती असलेला एक मोठा पतंग भारतात व इतरत्र आढळतो. तो मधमाश्यांच्या पोळ्यात शिरून मध चोरतो. डिवचला असता तो सोंडेवाटे घशाच्या पोकळीत हवा ओढतो, पुन्हा बाहेर फेकतो आणि उंदरासारखा चीं चीं आवाज काढतो. परंतु ही हवा त्याचा श्वास नव्हे. ती आली तशी परत जाते.

माणसाच्या गळ्यात मात्र श्वास व स्वर यांची गाठ पडते. फुप्फुसांतून येणारी हवा स्वरयंत्रातील दोन स्वरतंतूंना कंप देते. एक-दोन सेंटिमीटर लांबीच्या या पट्ट्या पुरुषाच्या बोलण्यात दर सेकंदाला शंभराहून अधिक वेळा, तर स्त्रीच्या बोलण्यात सुमारे दोनशे वेळा कंप पावतात. जिवंत माणसाच्या गळ्यातील हे दृश्य मान्वेल गार्सिया या मूळच्या स्पॅनिश गायनशिक्षकाने पाहून जगाला सांगितले. सूर कसा निघतो, हे जाणण्याचा त्याला ध्यास लागला होता. १८५४ मध्ये त्याने लांब दांड्याचा एक लहानसा आरसा स्वतःच्या घशात धरला, दुसऱ्या आरशाने त्यावर सूर्यप्रकाश पाडला आणि स्वतःचेच स्वरतंतू हलताना पाहिले. वैद्य आजही अशाच आरशाने घसा तपासतात. एका गायकाच्या जिज्ञासेने वैद्यकशास्त्राला दिलेली ती देणगी होय.

तान्ह्या मुलाचे स्वरयंत्र गळ्यात बरेच उंचावर असते. वयाबरोबर ते खाली उतरते. त्यामुळे जिभेच्या मागे मोकळी जागा तयार होते आणि पुष्कळ शास्त्रज्ञांच्या मते माणसाला निरनिराळे स्वर स्पष्ट उच्चारण्यास तिची मोठी मदत होते. परंतु याच रचनेमुळे घासाला श्वासाच्या दारावरून जाताना अधिक सावध राहावे लागते. ठसक्याचे भय आणि वाणीचे वैभव, ही दोन्ही एकाच गळ्याची लेकरे आहेत.

गळ्यात उमटलेल्या स्वराला आकार देतात ते टाळू, जीभ, दात आणि ओठ. भारतातील प्राचीन व्याकरणकारांनी हे रहस्य केव्हाच ओळखले होते. वर्णमालेतील व्यंजनांची मांडणी पाहिली, म्हणजे त्यांच्या निरीक्षणशक्तीचे कौतुक वाटते. क, ख, ग, घ हे वर्ण कंठ्य. च, छ, ज, झ हे तालव्य. ट, ठ, ड, ढ हे मूर्धन्य. त, थ, द, ध हे दंत्य. आणि प, फ, ब, भ हे ओष्ठ्य. कंठापासून निघून टाळू, मूर्धा व दात यांवरून ओठांपर्यंत येणारा तो प्रवास म्हणजे माणसाच्या मुखाचा नकाशाच होय. मराठीने त्यात आपली भर घातली आहे. 'चंद्र' या शब्दातील 'च' टाळूवर उमटतो, तर 'चाक' या शब्दातील 'च' दातांजवळ सरकतो. अक्षर एकच, पण जिभेने जागा बदलली, की उच्चार बदलतो.

ज्या दातांनी माणूस भाकरीचा तुकडा तोडतो, त्याच दातांच्या आधाराने तो 'ताई' आणि 'दादा' म्हणतो. ज्या ओठांनी तो दूध पितो, त्याच ओठांनी 'बाबा' अशी हाक मारतो. कीटकाच्या घशात घास सुरक्षित आहे, पण तेथे शब्द नाही. माणसाने घसा घास व श्वास या दोघांना दिला, त्यातील धोका पत्करला, आणि त्या बदल्यात त्याला वाणी लाभली. त्या वाणीतूनच गोष्टी आल्या, गाणी आली, ज्ञान एका पिढीकडून दुसऱ्या पिढीकडे आले. म्हणून घासाच्या वेळी घास घ्यावा, बोलण्याच्या वेळी बोलावे. आणि इतक्या मोलाने मिळालेली वाणी जपून, विचारपूर्वक वापरावी, हेच उचित होय.

शब्दार्थ

पिष्ट — धान्यातील पिठूळ द्रव्य. विलग होणे — वेगळे होणे. पेषणी — अन्न दळणारा अवयव. श्वासरंध्र — श्वास घेण्याचे छिद्र. विच्छेदन — आतील रचना पाहण्यासाठी शरीर कापणे. मज्जापुंज — मज्जातंतूंची गाठ. म्यान — तलवार ठेवण्याचे आवरण. शुश्रूषा — रोग्याची सेवा. मूर्धा — टाळूचा वरचा, उंच भाग. तात्पर्य — सारांश.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची थोडक्यात उत्तरे लिहा.
(अ) भाकरीचा तुकडा बराच वेळ चावल्यास गोड का लागतो?
(आ) घास गिळताना श्वासाचे दार कोणकोणत्या रीतीने बंद होते?
(इ) नाकतोड्याचे जबडे व माणसाचा जबडा यांच्या हालचालीत कोणता फरक आहे?
(ई) पिसवेच्या दंशातून प्लेगचे जंतू माणसाच्या शरीरात कसे शिरतात?

२. कारणे लिहा.
(अ) कीटकाला ठसका लागत नाही.
(आ) रातकिडा गळ्यातून गाऊ शकत नाही.
(इ) अन्न नेहमी झाकून ठेवावे.

३. 'ठसक्याचे भय आणि वाणीचे वैभव, ही दोन्ही एकाच गळ्याची लेकरे आहेत', या वाक्याचा अर्थ आठ-दहा ओळींत स्पष्ट करा.

४. पुढील वाक्प्रचारांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा: घसा कोरडा पडणे, तोंडचे पाणी पळणे, दात ओठ खाणे, गळा दाटून येणे, शब्द जिभेवर घोळणे.

५. 'च' व 'ज' यांचे टाळूवर होणारे आणि दातांजवळ होणारे असे दोन्ही उच्चार लक्षात घेऊन प्रत्येकी पाच शब्दांची यादी करा व ते शब्द मोठ्याने उच्चारून पाहा.

६. घरात किंवा अंगणात दिसणाऱ्या एखाद्या कीटकाच्या मुखाचे भिंगातून निरीक्षण करा. तो काय खातो व कसा खातो, याचे दहा ओळींत वर्णन लिहा. कीटकाला इजा होणार नाही, याची काळजी घ्या.